आग्रह

शाळेच्या व्हरांड्यात शेवंताकाकू खिचडी वाढत होत्या. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या आग्रहाची भल्याभल्यांना धास्ती असायची. नको म्हणणाऱ्याच्या पानात जिलेबी टाकूनच त्या पुढं सरकत. पुरातून आलेल्या पहिल्या होडीतल्या माणसांनाही त्यांनी तसंच वाढलं होतं, विचारपूस करत, पदरानं डोळे पुसत. मग होड्या येतच राहिल्या. आता काकूंना माणसं दिसत नव्हती. ताट पुढं यायचं, त्यात डावभर खिचडी पडायची, की पुढचं ताट.

एका ताटावर मात्र हात आडवा आला. चिखलानं माखलेल्या लुगड्यातली आजी म्हणाली, "पुरे गं बाई, थोडंच."

काकूंचा डाव थबकला. वर बघून, जुन्या सवयीनं त्या बोलून गेल्या, "असं कसं आजी? माझ्या हातचं आहे, दोन घास जास्तच घ्यायचे!"

आजी लाजून हसली. तिनं हात बाजूला घेतला.

मागच्या माणसानं हे पाहिलं. त्याची पाळी आली, तसा त्यानंही ताटावर हात आडवा धरला आणि तो थांबला. त्याच्या मागच्या बाईनंही धरला. तिच्या मागच्यानंही. फाटकापर्यंतची सगळी उपाशी रांग ताटांवर हात ठेवून काकूंच्या तोंडाकडे बघत राहिली.

"घ्या हो," काकू त्या माणसाला म्हणाल्या. बाईला म्हणताना त्यांचा आवाज बारीक झाला. तिसऱ्याच्या वेळी शब्दच फुटेना.

खिचडी पातेल्यात अजून निम्म्याच्या वर होती.