आठ तासांची मोजणी

सकाळी सात वाजता विशाखा वही घेऊन आवडाबाईच्या मागं लागली, ती दुपारपर्यंत मागंच होती. सरकारी दवाखान्यांत मावश्या-मामांच्या कामाला माणसं किती आणि तास किती, हे मोजायला तिला पाठवलं होतं. पुरुष वॉर्डात खाटा चाळीस, पेशंट त्रेपन्न. मावश्या-मामांची मंजूर पदं सहा. कागदावर भरलेलं एक.

"ते एक म्हणजे ह्याच का?" आवडाबाईकडं बघत तिनं सरिता सिस्टरला विचारलं.

सिस्टर सुई भरत म्हणाली, "मॅडम, बघा सगळं. लिहिताना तेवढं जपून लिहा."

आवडाबाईनं पॉट उचलले, चादरी बदलल्या, रक्ताचे नमुने लॅबमध्ये पोचवले. अंगानं दुप्पट असलेल्या पेशंटला चादरीच्या एका हिसक्यात कुशीवर वळवलं. शहागंजचे एक म्हातारे चाचा एक्स-रेला जायला घाबरत होते. "मैं हूं ना चाचा, डरना नको," म्हणत तिनं स्ट्रेचर ढकललं. दारापर्यंत जाईतो चाचा तिला नातीच्या शाळेचं सांगत होते.

अकराच्या सुमारास बादली घेऊन जाता जाता ती थबकली. कोपऱ्यात, जमिनीवरच्या गादीवर एक तरणा गडी झोपला होता. निदान विशाखाला तरी तो झोपलेलाच दिसला.

"सिस्टर, ह्याचे व्हट बघा, निळे पडलेत!"

आणि आवडाबाई स्वतःच ऑक्सिजनचं सिलिंडर गडगडवत घेऊन आली. डॉक्टर धावले. पंधरा मिनिटांनी त्या गड्याचे डोळे उघडले.

"आणखी थोडा उशीर झाला असता ना..." डॉक्टर म्हणाले आणि तिला शोधू लागले. ती पलीकडं फरशी पुसत होती.

तीन वाजले. विशाखाचे पाय बोलायला लागले होते. मोबाइलवर अकरा किलोमीटर दिसत होते. आवडाबाई अजून जेवलीसुद्धा नव्हती. मोजणीच्या बारा वर्षांच्या नोकरीत असं माणूस विशाखानं पाहिलं नव्हतं. तिला वाकून पाया पडावंसं वाटलं. तिनं नुसताच फॉर्म पुढं केला.

"मावशी, तुमचा कर्मचारी क्रमांक?"

"त्यो नाय मला."

"बरं, नोकरीला कधी लागलात?"

"मी नोकरीला नाय, बाई," आवडाबाई हात पुसत म्हणाली. "देवगाव रंगारीहून मालकाला घेऊन आले व्हते. गेल्या उन्हाळ्यात ते हितंच गेले. त्यांचं तोंड झाकलं, तर शेजारच्या खाटंवरचा माणूस पाणी मागत व्हता. द्यायला कुणीच नव्हतं."