शमुवेल भाऊ बोलले

“शमुवेल भाऊ तोंड उघडणार नाय. उघडलं, तर वयनीचा गाऊन घालून नाक्यावरनं दूध आणीन. दिवसाढवळ्या.”

शेजारच्या कुशाबानं हे चाळीच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, सगळ्यांदेखत जाहीर केलं. शमुवेलची बायको मालन टॉवेल वाळत घालत होती. तिनं चिमटा लावला आणि वळली.

“आणि नाय बोलले तर?”

“तर अख्ख्या मजल्याला कुर्ल्यांचं कालवण. तुमच्या हातचं.”

“लागली. गाऊन मी निवडणार, भावजी.”

“निवडा. फक्त झालरीचा नको.”

“झालरीचाच.”

भोईवाड्यातलं त्यांचं चर्च म्हणजे एक हॉल आणि मागं दोन खोल्या. ती जागा टॉवरवाल्या बिल्डरला द्यायची का, ते आज दुपारी बंगलोरला ठरणार होतं, चर्चच्या राष्ट्रीय महासभेत. चाळीत ख्रिस्ती घरं चार. पण गेल्या वर्षी वरचं छत कोसळलं तेव्हा अख्खा तिसरा मजला महिनाभर त्याच हॉलमध्ये झोपला होता. शेजारच्या नम्रताची शिकवणीही तिथंच भरायची, रोज संध्याकाळी.

हॉल वाचवायला तिथं बोलणार एकटे शमुवेल भाऊ. चाळीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या मोटरवरून हाणामारी झाली की चप्पल शोधणारा माणूस. मालननं भाषण पोरीच्या रेघी वहीच्या पानावर लिहून दिलं होतं. आठ दिवस गॅलरीत उभं करून पाठ करून घेतलं होतं. दोन मिनिटांचं.

नम्रतानं मोबाईल मालनच्या टीव्हीला जोडला. यूट्यूबवर महासभा लाईव्ह. दहा बाय बाराच्या खोलीत अठरा माणसं, बाकीची दारात. पडद्याच्या कडेनं ‘आमेन’ ‘आमेन’ अशा कमेंटी वाहत होत्या. त्यात मध्येच एक आली : ‘शमुवेल भाऊ उठा, चाय थंड होते.’

“कोणाचा हा आचरटपणा?” मालन ओरडली.

कुशाबानं मोबाईल खिशात घातला आणि छताकडे बघितलं.

ठराव क्रमांक सात पुकारला गेला. मुंबईतल्या छोट्या हॉलच्या जागा विकासाला देणे. कॅमेरा रांगांवरून फिरला. शमुवेल भाऊ पहिल्या रांगेत, नव्या कोटात.

“पहिल्या रांगेत!” दारातून कुणीतरी शिट्टी मारली.

“अब बोलेंगे मुंबई विभाग के नए सचिव, ब्रदर शमुवेल.”

खोलीत नुसता कल्ला. नम्रतानं टाईप केलं : ‘भोईवाडा!!’ कुशाबानं दोन्ही हात डोक्यावर मारले. “मेलो! भाऊ उठले रे!”

“सचिव?” मालन म्हणाली. “कधी केलं?”

कोणी ऐकलं नाही. तिनं पुढं सरकून टीव्हीजवळ तोंड नेलं. शमुवेल भाऊंच्या हातातला कागद पांढराशुभ्र होता. टाईप केलेला. रेघा नव्हत्या.

“हमारी मंडली छोटी है,” शमुवेल भाऊ म्हणाले. आवाज खणखणीत. “हॉल पुराना है. हफ्ते में एक दिन खुलता है, बाकी दिन खाली पड़ा रहता है.”

“खाली?” नम्रता म्हणाली.

“मैं इस प्रस्ताव का समर्थन करता हूँ.”

टाळ्या तिकडे वाजल्या. मग हात वर झाले, शेकड्यांनी. ठराव पास. इकडे कोणीतरी पंखा बंद केला, कशाला ते त्यालाही कळलं नसेल.

माणसं एकेक करून उठली. दहा मिनिटांत महासभेच्या पानावर रील आलं. शमुवेल भाऊ, मागं गिटार, वर सोनेरी अक्षरं : ‘मुंबईचा आवाज’. खाली बदामच बदाम. मालनला नांदेडच्या कुणा बाईचा मेसेज आला, ‘अभिनंदन ताई, प्रभूनं भाऊंना वाचा दिली’. त्याच्याखाली खुद्द शमुवेल भाऊंचा :

‘बघितलंस ना? कुठंच अडखळलो नाय.’

मालननं मोबाईल पालथा ठेवला. कपाट उघडलं, जांभळा गाऊन काढला. झालरीचा.

कुशाबाला तिनं जिन्यातच गाठलं. “वयनी, जाऊ दे गो. पैजेचा काय घेऊन बसलंस? मी कालवण आणतो उलट. हॉटेलातनं.”

“ते बोलले की नाय?”

“वयनी...”

“दोन मिनिटं बोलले. घड्याळ लावून. तुम्ही हरलात. घाला.”

कुशाबानं पँटवरूनच गाऊन चढवला. पोटावर दोन बटणं लागेनात. एरवी त्यानं पदर घेतल्याचं नाटक केलं असतं, मजल्यामजल्यावर फ्लाइंग किस दिले असते. आज तो नुसता चालला. गॅलऱ्या भरलेल्या, पण एकही शिट्टी नाही. एकानं मोबाईल उचलला होता, त्याला आईनं खाली घ्यायला लावला.

गल्लीत मासळीचं पाणी सांडलेलं. झालर त्यात लोळायला लागली, तशी मालननं मागून येऊन गाऊनचा काठ उचलून धरला. दोघं तसेच हॉलच्या बंद दारावरून गेले. तिनं तिकडे बघितलं नाही.

नाक्यावर दूधवाल्याला हसू आवरेना. “अरे कुशाबा! किससे हारा बे?”

कुशाबानं पिशवीसाठी हात पुढं केला.

“मुझसे,” मालन मोठ्यानं म्हणाली. अख्ख्या नाक्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. “मी जिंकले.”

नाका खो खो हसला. टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. ओला काठ मुठीत धरून मालन हसणाऱ्या एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली.