स्टँडावरची पाठवणी

ती गोरी बाई पुन्हा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, तेव्हा छबूबाईनं चहाचं पातेलं आदळलं.

"आगं ये बये! मरशील की ट्रकाखाली!"

सकाळपासून हेच चाललं होतं. सोलापूरकडून आलेल्या ट्रकातून ती दोघं मिरजगावच्या स्टँडावर उतरली, पाठीवर पोत्याएवढ्या पिशव्या, आणि उतरल्या क्षणापासून भांडायलाच लागली. त्याला नगरकडं जायचं होतं, तिला आल्या वाटेनं परत सोलापूरकडं. त्यानं तिची पिशवी उचलली की ती हिसकावून घ्यायची. त्यानं केळं पुढं केलं, तिनं भिरकावून दिलं. त्या नादात दोन गाड्या निघून गेल्या. छबूबाईच्या हॉटेलाचं एकुलतं बाकडं अडलं ते निराळंच. गिऱ्हाइकं उभ्यानं चहा पीत तमाशा बघत होती.

छबूबाईचा नवरा रंगनाथ मुंबईच्या गिरणीत दोन वर्षं होता, म्हणून त्याला हिंदी येते असं गाव धरून चालत असे. इंग्रजीवाले मास्तर मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेलेले. तेव्हा रंगनाथनंच विचारपूस केली. गोऱ्याला हिंदीतले दहा-बारा शब्द येत होते, बाईला एकही नाही.

"इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली," गोऱ्यानं आपल्या लांब, रिकाम्या बोटांवर मोजून दाखवलं. मग तिच्याकडं बघत कपाळावर हात मारला. "बीवी. बहुत गुस्सा."

रंगनाथ पोट धरून हसला. "आगं, निम्मी दुनिया तुडवली अन् गावोगाव भांडत आल्यात!"

छबूबाईला मात्र हसू येईना. तिची लेक चांगुणा मागं कपबश्या विसळत होती. दोन वर्षांपूर्वी तीही अशीच रागाच्या भरात सासर सोडून आली होती. तेव्हा छबूबाईनंच तिला पाठीशी घातलं, "ऱ्हाऊ द्या चार दिस" म्हणाली. महिन्याभरात जावयानं दुसरी केली. आपण पोरीला त्याच दिवशी परत धाडलं असतं तर, हे छबूबाईला रोज भाकरी थापताना आठवायचं. आता आपल्या दारात आणखी एक संसार मोडलेला तिला बघवणार नव्हता, मग तो गोऱ्यांचा का असेना. परक्या मुलखात नवरा टाकून गेला तर ही पोर जाईल कुठं?

तिनं बाईला दंडाला धरून बाकड्यावर बसवलं. "काय झालं गं? मारतो का?"

बाईनं डोळे पुसले. बोटातली अंगठी दाखवली, तिच्यावर टकटक केलं आणि सोलापूरच्या रस्त्याकडं हात केला. "योहान! योहान!"

"लग्नाची बायकू हाय मी, तर माझं का ऐकत न्हाई, असं म्हनती," छबूबाईनं सगळ्यांना सांगितलं. "अन् नवऱ्याचं नाव बघा कसं घेती, भर स्टँडात! नगरला दवाखान्यात एक योहान कंपौंडर हुता, पर त्येची बायकू बी त्येला 'अवो'च म्हनायची."

"आई," चांगुणा मागून म्हणाली, "तिला त्येच्यासंगं जायाचंच न्हाई."

"मला बी दिसतंय. तुला बी जायाचं नव्हतं. गप कपबश्या धू."

चांगुणानं मान खाली घातली. आपलं बोलणं लागलं हे छबूबाईला कळलं, पण एकेक निस्तरायला तिला वेळ कुठं होता! ती गोऱ्याकडं वळली.

"ओ योहानराव! ओ!"

तो रस्त्याकडं बघत उभा होता. तिसऱ्या हाकेला दचकून वळला.

"समद्या नवऱ्यांचे कान सारखेच मेले," रंगनाथकडं बघत ती म्हणाली. मग तिनं गोऱ्याला चांगलं फैलावर घेतलं. बायकोला नीट वागवा, तिचं ओझं तुम्ही घ्या, तिला रडवू नका. त्याला काय कळलं देव जाणे, पण तो हात जोडून ऐकत होता. शेवटी "अच्छा, माँजी" म्हणून पाया पडला. जमलेल्या बायकांना माणूस फारच आवडला. त्यानं पिठलं-भाकरीही चवीनं खाल्ली. तिनं घास घेतला नाही.

दुपारची नगरची गाडी लागली, तसा छबूबाईनं शेवटचा उपाय केला. घरातून नवा खण आणि ओंजळभर गहू आणले. बाईला कुंकू लावलं. पदर नव्हता, म्हणून झग्याच्या घेरातच तिची ओटी भरली आणि तिला पोटाशी धरलं. बाईचं रडणं थांबलं. सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी तिला जवळ घेतलं होतं.

"नाव घ्यायला लाव की!" बायका ओरडल्या. "नावाबिगर कशी पाठवनी?"

छबूबाईनं तिच्या अंगठीवर बोट ठेवलं. "नाम? नाम?"

बाईचा चेहरा एकदम उजळला. "योहान!" ती म्हणाली. "योहान, योहान!"

"घेतलं गं बाई, घेतलं!" बायकांनी टाळ्या पिटल्या. बाई रडता रडता हसली, छबूबाईच्या गळ्यात पडली आणि तिचा हात धरून आपण होऊन गाडीत चढली. मागून दोन्ही पिशव्या घेऊन तो चढला.

गाडी स्टँडातून निघून नगरच्या अंगाला वळली, तशी ती खिडकीतून हात बाहेर काढून पत्र्यावर आपटायला लागली.

"रडू द्या," छबूबाई म्हणाली. "नांदायला जाताना समद्याच रडत्यात."

तिनं पदरानं डोळे टिपले. दोन वर्षांनी तिला जरा हलकं वाटत होतं. बाकडं पुसून तिनं नवं आधण ठेवलं.

तासाभरानं सोलापूरकडून गाडी आली. तिच्यातून आणखी एक गोरा उतरला, डोक्याला दवाखान्याची पट्टी, पाठीवर तसलीच पिशवी. तो येईल त्याला हातवारे करून काहीतरी विचारत होता.

"आनखी एक!" छबूबाईनं कपाळाला हात लावला. "ओ, तुमची मानसं गेली की नगरला! जोडीनं गेली. मीच समेट केला त्येंचा."

त्याला काही कळलं नाही. तो बाकड्याजवळ आला. चांगुणा कपबशी तशीच हातात धरून पुढं झाली. ती त्याच्या बोटातल्या अंगठीकडं बघत होती.

"नाम?" तिनं विचारलं.

त्यानं छातीवर हात ठेवला.

"योहान."