माणूस पाठवा

हॉलमधले सगळे आपापल्या मोबाइलकडे बघत होते. ती एकटीच दाराकडे बघत होती.

आत बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन चाललं होतं. तिच्या मांडीवरच्या मोबाइलवर सकाळपासून एकच ओळ होती, ‘शस्त्रक्रिया सुरू आहे’. ओळीशेजारी हिरवा ठिपका. ठिपका हिरवा म्हणजे हॉस्पिटलच्या सर्व्हरशी जोडणी शाबूत. हे तिला कुणी सांगायला नको होतं. नातेवाइकांसाठीचं हे पान तिनेच बनवलं होतं, ठिपक्यासकट.

धाकट्या भावाचा पुन्हा फोन आला.

“ताई, काही कळलं का?”

“कळलं की मीच सांगते म्हटलं ना! सारखं सारखं काय विचारतोस?”

जुनी पानंही अशीच असायची. दर थोड्या वेळानं सर्व्हरला विचारायची, काही आहे का, काही आहे का. ती भुणभुण बंद करायला तिने वेबसॉकेट वापरलं होतं. वाट एकदा उघडायची आणि उघडीच ठेवायची, बातमी असेल तेव्हा सर्व्हरच बोलेल. भावाची भुणभुण बंद करायला काय वापरायचं, ते मात्र तिला अजून सापडलं नव्हतं.

शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांनी आपला मोबाइल परत तिच्यापुढे धरला. पलीकडच्या खोलीत आजींच्या पोटाचं ऑपरेशन चाललं होतं.

“पोरी, बघ बरं. हे बंद तर नाही ना पडलं?”

“चालू आहे, आजोबा. हिरवा ठिपका दिसतोय ना? आपण काही करायचं नाही. आत कुणी बटण दाबलं की निरोप आपणहून येतो.”

“न विचारता?” आजोबा हसले. “आमच्या घरी उलटं आहे. मी दहादा विचारतो, तेव्हा कुठे ही एकदा ‘हं’ म्हणते.” त्यांनी शर्टाच्या खिशातला बायकोचा चष्मा चाचपून पाहिला. “शुद्धीवर आली की आधी हा मागेल. नाही मिळाला, तर माझी काही खैर नाही.”

मग कुरकुरले, “पण खरं सांगू? एवढं मोठं हॉस्पिटल, आणि येऊन दोन शब्द बोलायला एक माणूस नाही यांच्याकडे! सगळं आपलं यंत्रावर. माणसानं समोर येऊन सांगितलं की कसं बरं वाटतं.”

तिने पुन्हा दाराकडे पाहिलं.

माणूस होता की. त्याची सोय तिनेच केली होती. पान बनवताना मोठ्या डॉक्टरांनी एकच अट घातली होती, “बाकी सगळं मोबाइलवर जाऊ दे. पण पेशंट गेला, तर ते कुणालाही पडद्यावर वाचायला लागता कामा नये. ते सांगायला माणूसच जाईल.” तिला ते अगदी पटलं होतं. आत ते एक बटण दाबलं, की नातेवाइकांच्या मोबाइलला काहीच जायचं नाही. तिथली ओळ होती तशीच राहायची. निरोप जायचा फक्त काउंटरवरच्या पडद्यावर, दोन शब्दांचा, ‘माणूस पाठवा’. तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली होती. तिलाही कोण अभिमान वाटला होता.

आज तोच शहाणपणा अंगाशी आला होता. बाकीचे आपले मोबाइलकडे बघत निवांत वाट पाहू शकत होते. तिला ते सुख नव्हतं. म्हणून ती सारखी दाराकडे बघत होती.

दार उघडलं. सिस्टर आत आली. हातात ट्रे नाही, फाइल नाही. हॉलमध्ये कुणी मानसुद्धा वर केली नाही. सिस्टरने खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि ती सरळ तिच्या रांगेकडे वळली.

इकडे नको. बाई गं, इकडे नको येऊस. जा ना दुसरीकडे, कुठेही जा. तिने मोबाइल इतका घट्ट धरला की बोटं दुखायला लागली. ओळ तीच. ठिपका हिरवाच. आत जाताना बाबा एवढंच म्हणाले होते, “मोरीतला नळ गळतोय, प्लंबरला फोन कर.” तिने केला नव्हता. करते बाबा, आत्ता करते, लगेच करते.

सिस्टर तिच्यासमोर येऊन थांबली. आणि आजोबांपुढे वाकली.

“आजोबा, जरा माझ्याबरोबर येता? डॉक्टरांना तुमच्याशी बोलायचंय.”

तेवढ्यात तिच्या हातातला मोबाइल थरथरला. ‘शस्त्रक्रिया पूर्ण. प्रकृती स्थिर.’ तिचा जीव भांड्यात पडला, डोळे भरून आले. आणि लगेच त्या सुटकेची तिला अशी काही लाज वाटली की मान वर करवेना.

आजोबा घाईघाईनं उठले. त्यांचा मोबाइल खुर्चीवरच राहिला, तीच ओळ आणि तोच हिरवा ठिपका दाखवत. त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं त्याच्या दोन्ही काचा नीट पुसल्या.

“तुझा निरोप आला वाटतं? छान झालं हो, पोरी,” ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा फुलला आणि ते सगळ्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलले,

“आणि आमच्यासाठी बघ, माणूस पाठवला!”