कोऱ्या ओळी

धरणाच्या नियंत्रण कक्षात कुमुदबाई पेन्सिल परजून बसल्या होत्या. इथल्या नोंदींच्या कामातून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी आज पातळी मोजणाऱ्या चारही यंत्रांचं सॉफ्टवेअर बदलणार म्हणून त्या हट्टाने आल्या होत्या. पडद्यावरची पाण्याची पातळी दर पाच मिनिटांनी त्या वहीत उतरवत होत्या. सकाळीच त्यांनी खालच्या वाडीला गुरं बांधून ठेवायला सांगितलं होतं.

त्यांच्या काळात यंत्रं बदलताना पातळी चाळीस मिनिटं कळलीच नव्हती. वहीत तेवढ्या वेळच्या ओळी कोऱ्या राहिल्या. मग दरवाजे एकदम उघडावे लागले आणि वाडीची अकरा गुरं वाहून गेली.

“बाई, आज काही थांबणार नाही,” शर्वरी म्हणाली. इथे इंटरनेट नाही, म्हणून या तरुण इंजिनिअरने नवं सॉफ्टवेअर डिस्कवर आणलं होतं. कोणतं यंत्र आधी, कोणतं नंतर, हे तिने महिनाभर कागदावर आखलं होतं. “एक बंद केलं, की त्याचं काम बाकीची तीन उचलतात.”

“आमच्याकडे एक रजेवर गेला, की दुसरे दोघे आजारी पडायचे!”

शर्वरीने हसत पहिलं यंत्र बंद केलं. दिवा विझला. कुमुदबाईंनी श्वास रोखला. पडद्यावरचा आकडा मात्र हलत राहिला. नवं सॉफ्टवेअर चढवून शर्वरीने ते पुन्हा सुरू केलं. मग तसंच दुसरं, तिसरं, चौथं. समईच्या वाती एकेक करून बदलाव्यात आणि उजेड जराही मंद होऊ नये, तसं.

दुपारी त्यांनी पानावरून बोट फिरवलं. एकही ओळ कोरी नव्हती.

“वाडीला फोन लाव गं,” त्या हलकेच म्हणाल्या. “म्हणावं, गुरं खुशाल नदीवर सोडा.”