नागपूरचा चंद्र

दोन दीर्घिका एकमेकींवर आदळल्या की पुढं काय होतं, याची समीकरणं मांडण्यात डॉ. मंजिरी डबीरची बावीस वर्षं गेली. तिच्या आईला, सुशीलाबाईंना, त्यातलं काही कळत नसे. "दुर्बीण नाही, काही नाही, पोट्टी नुसती लिहूनच राहिली," असं त्या रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात सगळ्यांना सांगत.

या सुट्टीत मात्र आकाशाचं काम घरातच निघालं. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात संकष्टीच्या चंद्रोदयाच्या वेळा महाराष्ट्रातल्याच गावांच्या असतात, म्हणून रायपुरात राहूनही आई चाळीस वर्षं नागपूरची वेळ बघून उपास सोडत होती. रायपूर नागपूरच्या पूर्वेला, तेव्हा इथं चंद्र दहा मिनिटं आधी उगवतो, हे मंजिरीनं पाठकोऱ्या कागदावर गणित करून तिला दोनदा समजावलं.

"हव," आई मान डोलावून म्हणाली.

संकष्टीला दोघी गच्चीवर गेल्या. मंजिरीनं सांगितलेल्या मिनिटालाच शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीमागून चंद्राची तांबडी कड वर आली. तिला भरूनच आलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिचं गणित घरच्या माणसाच्या उपयोगी पडलं होतं.

"आई, ओवाळ ना आता. सकाळपासून उपाशी आहेस, काहून थांबली?"

आईनं चंद्राकडे एकदा नीट पाहिलं आणि मोदकांच्या ताटावर पुन्हा झाकण ठेवलं.



"हा रायपूरचा झाला, बाई. आपला नागपूरचा याले अजून दहा मिनिटं आहेत."