डावीकडची सीट

घाट चढायच्या शर्यतीसाठी पीरमहंमदनं तरुणपणी आपली मारुती हलकी केली, तेव्हा मागची सीट काढली, स्टेपनी काढली आणि शेवटी बायको बसायची ती डावीकडची सीटही काढली. ती सीट ओट्यावर आली. इमामबीनं तिच्यावर बसून जन्मभर लसूण सोलला, लेकी निजवल्या आणि घाटातून परतणाऱ्या नवऱ्याची वाट बघितली. यंदा करंजी घाटात शर्यतीच्या जुन्या गाड्यांची फेरी होती. जिंकायचं काही नव्हतं. सकाळी म्हाताऱ्यानं ओट्यावरची सीट झटकली, पुन्हा गाडीत बोल्टांनी आवळली आणि दार उघडून उभा राहिला. "वजन वाढंल की," इमामबी म्हणाली. "वाढू दे. बस." पदर सावरत ती बसली. घाटात त्यानं प्रत्येक वळणावर ब्रेक दाबला. मागच्या गाड्या हॉर्न देत पुढं गेल्या. इमामबी म्हणाली, "येवढं हळू चालवायचं हुतं, तर तवा मला कशापायी उतरवलं?"